हवेतले तांदूळ

"लगीन झालं काय गो तुझं?"

रोह्याच्या एसटी स्टँडवर पेणच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मनालीला शेजारच्या करवंदवालीनं विचारलं. मनालीनं तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. ना हो, ना नाही. बाईनं काही वाकडं विचारलं नव्हतं. मे महिन्याच्या उन्हात पाटी पुढ्यात घेऊन बसलेलं माणूस शेजारच्याशी काहीतरी बोलतं, तशी ती बोलली होती. गाडी कुठली, गाव कुठलं, लगीन झालं काय. तिशी उलटलेल्या बाईजवळ याचं उत्तर सुट्ट्या पैशांसारखं तयार असतं, पर्समध्ये हात घातला की लागतं. मनालीजवळही परवापरवापर्यंत होतं. बाई जरा थांबली. मग तिनं मनालीच्या गळ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, बोटातल्या अंगठीवर तिची नजर थोडी रेंगाळली, आणि पानाच्या द्रोणात मूठभर करवंदं घालून तिनं तो पुढे केला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खा." पैसे घ्यायलाही तयार होईना. कुणीतरी टाकलेली पोर, नाहीतर काहीतरी विपरीत घडलेली, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं असणार. त्या 'ऱ्हाऊ दे'नं मनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसं काही नाही हो, असं सांगायचं तर सुरुवात कुठून करायची? तेवढ्यात गाडी लागली, आणि ती द्रोण सांभाळत चिकट बोटांनी दांडा धरून वर चढली.

खिडकीची जागा मिळाली, पण काच अर्ध्यावर अडकलेली. वरून ऊन, खालून धूळ. मांडीवरच्या पिशवीत मामाचं प्रतिज्ञापत्र होतं, सकाळीच रोह्यात नोटरीचा शिक्का मारून घेतलेलं. पेणला उतरलं की आईचं करायचं. मग दोन्ही कागद अमेरिकेत, नेथनच्या वकीलबाईंना धाडायचे. असल्याच एका खिडकीनं हे सगळं मागं लावलं होतं. मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीची ती खिडकी मात्र स्वच्छ, गार, काचेला बोटाचा डागसुद्धा नाही. पलीकडचा साहेब म्हणजे पोरगाच, नाकावर तांबूस ठिपके, तोंडभरून गुड मॉर्निंग म्हणाला. नेथन काय करतो, कुठं भेटलात, त्याच्या आईचं नाव काय, सगळं तिनं धडाधड सांगितलं. मग त्यानं फोटो चाळायला घेतले आणि एक फोटो काचेला लावून विचारलं, हे देऊळ आहे का? फोटोत ती आणि नेथन, दोघांच्या गळ्यात हार, भोवती माणसं, आणि माणसांच्या मागे भिंतभर, फळ्या-फळ्यांवर, छतापर्यंत पांढरे गणपती. ती म्हणाली, देऊळ नाही, कारखाना आहे. कशाचा? गणपतींचा. त्यानं भुवया वर केल्या. देव बनवायचा कारखाना? देव नाही, मूर्ती, ती म्हणाली, रंग नाही, डोळे नाहीत, अजून ते देव नाहीत. हे सांगताना आपण वेड्यासारखं बोलतोय असं तिला वाटलं. पेणमध्ये हे कुणाला सांगावंच लागत नाही. कारखान्यातल्या पोरी त्या कच्च्या मूर्तींच्या मांडीवर डबा ठेवून जेवतात, सोंडेला ओढणी अडकवतात. साहेबानं फोटोतल्या डोक्यांच्या वर बोट ठेवलं. हवेत पांढरे ठिपके होते. हे काय? तांदूळ. हे कधी टाकतात? मग त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं, तुमचं लग्न झालंय का? नाही, ती म्हणाली. आत्ता बसमध्ये आठवतानाही ती तो 'नाही' त्या प्रश्नाला घट्ट चिकटवून ठेवत होती, मध्ये जराही फट राहू देत नव्हती. साहेबानं फाइल बाजूला सारली. होणारी नवरी म्हणून तुम्ही अर्ज केलाय, आणि मला तर तुम्ही झालेली नवरी दिसताय, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला, आणि आभार मानून त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

गाडी भिसे खिंडीच्या चढाला लागली आणि गिअर ओरडायला लागले. प्रेमात पडायला मनालीला एवढा त्रास झाला नव्हता. अमेरिकेतल्या कुठल्याशा मक्याच्या मुलखातला हा उंचापुरा, कमी बोलणारा माणूस, धाटावच्या कंपनीत नवं मशीन बसवायला आलेला. ती तिथंच लॅबमध्ये. सॅम्पल घेऊन दिवसातून कितीदा तरी त्याच्याकडे जावं लागायचं. एकदा लॅबमधल्या सगळ्यांना तिनं मामाच्या शेतावर पोपटी खायला नेलं, तर हा पठ्ठ्या मडक्यातल्या गरम वालाच्या शेंगा सोलताना बोटं भाजून घेऊनही खातच राहिला. मडक्यात कोंबलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास अंगाला येत असताना त्यानं तिला विचारलं, हे दर वर्षी करता? ती हो म्हणाली. मग पुढच्या वर्षी पण येतो, तो म्हणाला, आणि आला. इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते वाटेवर. कारण नेथनच्या देशात जायला बायकांसाठी दोन दारं. एक होणाऱ्या बायकोचं: लग्न न करता जायचं, आणि तिथं पोचल्यावर ठरल्या मुदतीत करायचं. दुसरं झालेल्या बायकोचं: इथं कायद्यानं लग्न करायचं, मग अर्ज, मग बसून राहायचं. दोघांचे धर्म वेगळे, तेव्हा इथलं लग्न म्हणजे अलिबागच्या लग्ननोंदणीच्या कचेरीत नोटीस, ती महिनाभर फलकावर, कुणाची हरकत आहे का म्हणून साऱ्या जिल्ह्याला आमंत्रण. फलकाचं नाव काढल्यावर मामाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "कोन तरी मुद्दाम हरकत घील. आपल्यात रिकामटेकडी काय कमी हायत?" शिवाय नेथनची सुट्टी संपत आलेली. वकीलबाई म्हणाल्या होत्या, पहिलं दार लवकर उघडतं. म्हणून मनालीनं पहिलं दार निवडलं. तिनंच निवडलं. नेथन म्हणाला होता, तू ठरव, मला दोन्ही चालतील. चालतील! हे वाक्य तिला तेव्हा किती मोठ्या मनाचं वाटलं होतं. आता त्याच वाक्याचा तिला इतका वीट आला होता की काल रात्री त्यानं तेच पुन्हा रेकॉर्ड करून पाठवलं तेव्हा तिनं ते अर्ध्यावर बंद केलं. मोठ्या मनाची माणसं निर्णय तेवढे दुसऱ्याच्या गळ्यात घालतात आणि आपण शांत झोपतात.

खरं म्हणजे ते दार निवडलं तिथंच माशी शिंकली. आईला सांगितलं, लग्न तिकडं होणार, कोर्टात. आई तेव्हा रामवाडीच्या खोलीत भाकऱ्या थापत होती. "म्हंजे मी नाय बगायचं?" एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. आई, म्हणजे सरू, मोरूशेठच्या गणपती कारखान्यात रंगकामाला जाते. मनालीचे वडील गेल्यापासून जातेच आहे. दरसाल शेकडो गणपती तिच्या हाताखालून नटूनथटून गाडीत बसून निघून जातात. बोलायची वेळ आली की ती ब्रश उचलते. त्या आठवड्यात ती नुसती गप्प राहिली, आणि त्या गप्पपणाला घाबरून मनाली म्हणाली, मग इकडं साखरपुडा करू या, चांगला दणक्यात. इथं चूक झाली. आता दणक्यातला साखरपुडा म्हणजे काय, हे कुणाच्या हातात राहतं? मोरूशेठ म्हणाला, हॉल कशाला, माझा कारखाना हाय की, मूर्ती सरकवून घेतो. जानेवारीचा महिना, सगळा माल कच्चा, पांढरा. पोरींनी गणपती भिंतीला लावले, मधल्या जागेत शेणानं सारवलं, रांगोळी काढली. रोह्याकडची सगळी माणसं टेंपोतून आली. मामानं, म्हणजे दिनानाथनं, येताना हार आणले. साखरपुड्याला हार कशाला, असं कुणीतरी म्हणालं, तर तो म्हणाला, "फोटोपुरतं गो. पावना येवढ्या लांबून आलाय, मोकळ्या गळ्यानं उभा करायचा काय?" नेथननं मान खाली केली, तिनं हार घातला, आणि मामाला काय झालं देव जाणे. गावात कुठंही लग्न असलं की मंगलाष्टकं म्हणायला त्यालाच बोलावतात. समोर हार घातलेली दोघं दिसली आणि त्यानं डोळे मिटून सूर लावला. एकच म्हटलं, पण असं म्हटलं की पत्रे दुमदुमले, बायका आपसूक उठून उभ्या राहिल्या, आणि शेवटच्या 'सावधान'ला पंगतीसाठी उघडलेल्या पोत्यातले तांदूळ कुणीतरी मुठीत घेतले होते ते उडाले. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

आज सकाळी त्याच मामाला घेऊन ती रोह्यात नोटरीकडे बसली होती. मामानं प्रतिज्ञापत्र डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. 'सदर कार्यक्रम हा केवळ साखरपुडा होता, विवाह नव्हता.' मग तो स्वतःशीच चिडला. "एक मंगलाष्टक म्हनल्यानं लगीन व्हतं काय? मंग मी गोठ्यात म्हन्तो तवा बैलांची लग्नं व्हतात काय?" नोटरी हसला. मनालीला हसू आलं नाही. सही करून झाल्यावर मामा रस्त्यात थांबला, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "पन मने, खरं सांगू? तवा मला वाटलं आपन करून टाकलं तुझं." तिला ओरडावंसं वाटलं. तुला वाटलं! सगळ्यांना काहीतरी वाटतं आणि ते माझ्या डोक्यावर येऊन बसतं. इथला कायदा म्हणतो लग्न झालं नाही, कारण अलिबागच्या वहीत नाव नाही. तिथला साहेब म्हणतो झालं, कारण हवेत तांदूळ आहेत. दुसऱ्या दारात ती कुमारी म्हणून बाद, पहिल्या दारात सौभाग्यवती म्हणून बाद. वकीलबाईंनी गेल्या आठवड्यात व्हिडिओवर मान वाकडी करून पुन्हा तेच दोन रस्ते समजावले होते. घरच्यांची प्रतिज्ञापत्रं द्या की हे लग्न नव्हतं, कदाचित फाइल हलेल, कदाचित लवकरच. नाहीतर हे सगळं सोडा, कायद्यानं लग्न करा, बायको म्हणून पहिल्यापासून सुरुवात करा, वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा. मनालीनं क्षणाचाही विचार न करता प्रतिज्ञापत्रं म्हटलं होतं. कंपनीत राजीनाम्याचं बोलून झालं होतं. तिच्या जागी येणाऱ्या पोरीला ती भट्टीचं तापमान कसं लावायचं ते शिकवत होती. आता मागं फिरायचं म्हणजे सगळ्यांची तोंडं बघायची.

वडखळच्या अलीकडे गाडी नेहमीप्रमाणे अडकली. रस्ता इकडून तिकडे वळवलेला, पुढे कंटेनरचं ढुंगण, बाजूला अर्धा उभा राहिलेला पूल. कंडक्टर खाली उतरून विडी ओढत उभा राहिला. मनालीनं द्रोणातलं एक करवंद तोंडात टाकलं. कच्चं निघालं, जीभ चरचरली. आईशी काय बोलायचं याची ती रोह्यापासून तयारी करत होती. आई नाही म्हणणार, हे नक्की. लगीन झालं नाय असं मी कसं लिवून देऊ, असं म्हणणार. मग आपण म्हणायचं, तुझ्या हट्टापायी तर हे झालं. मग ती गप्प बसणार. मग आपण म्हणायचं, गप्प बसू नकोस, दर वेळी गप्प बसून तू तुला हवं ते करून घेतेस. हे वाक्य तिला फार आवडलं. मनातल्या मनात तिनं ते निरनिराळ्या आवाजात म्हणून पाहिलं. साखरपुड्याच्या दिवशी आई पुढे आलीच नव्हती. विधवा बाई, ओवाळायला मामी होती. आई मागे, भिंतीकडे, गणपतींच्या रांगेत उभी होती, आणि मनालीनं दोन-तीनदा वळून खुणावलं तरी हलली नाही. त्याचाही राग तिनं आत्ता बरोबर घेतला. गाडी हलली तेव्हा तिच्याजवळ भांडणाचा पुरेसा साठा झाला होता.

रामवाडीला आई स्टॉपवरच उभी होती. कामावरून तशीच आलेली, पदर डोक्यावर, नखांत पितांबराचा पिवळा रंग. "उशीर झाला गो," म्हणाली, आणि कोर्टाच्या दिशेनं चालायला लागली. मनालीला सुरुवात कुठं करावी कळेना. कोर्टासमोरच्या गाळ्यात सुशील वकील बसतो, पंखा स्वतःकडे वळवून. त्यानं कागद काढला, आईला खुर्ची दिली आणि मजकूर मोठ्यानं वाचला. मी, सरू अमुक अमुक, राहणार रामवाडी, शपथेवर लिहून देते की माझी मुलगी मनाली हिचा विवाह झालेला नाही. मनाली पुढे सरकली. आता नाही म्हणेल. आई म्हणाली, "कुठं करू सही?"

"आई, तू ऐकलंस ना काय लिहिलंय?"

"आयकलं की. झालं नाय लगीन. देते लिवून." आईनं पेन हातात घेतलं, ब्रश धरतात तसं, टोकाजवळ. "पोर जाऊंदे माझी तिच्या मानसाकडं."

सुशीलनं चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, तिच्या माणसाकडे म्हणता, आणि लग्न झालं नाही म्हणता?"

"तुमी शिक्का मारा हो," आई म्हणाली. "लिवायचं येक असतं."

तिनं मान वाकवली आणि कागदावर स काढायला घेतला. चौथीतलं अक्षर, सावकाश. मनाली उभी होती. रोह्यापासून गोळा करून आणलेलं भांडण तिच्या हातात तसंच राहिलं. ते घ्यायला समोर कुणी नव्हतंच. आई खोटं लिहून देत होती, एकदाही न कुरकुरता. आपल्या पोरीचं जे काही लग्न तिला या जन्मात बघायला मिळालं ते खोटं होतं असं शपथेवर लिहून देत होती, आणि तिचा चेहरा साधा, कामाचा होता. आणि त्या क्षणी, इतके दिवस चिकटवून ठेवलेली ती फट उघडली. वकिलातीच्या खिडकीशी साहेबानं विचारलं, तुमचं लग्न झालंय का, आणि मनालीनं नाही म्हटलं, पण लगेच म्हटलं नव्हतं. मध्ये ती फोटोकडे बघत राहिली होती. साहेबाचं बोट तांदळांवर होतं, आणि तिची नजर त्या तांदळांमागोमाग खाली उतरत गेली होती. मामाच्या टोपीवरून, मामीच्या खांद्यावरून, मागे, अगदी मागे, बिनडोळ्यांच्या दोन गणपतींच्या मधून बाहेर आलेल्या एका हातापर्यंत. पंजा उघडा होता, नुकताच रिकामा झालेला. बाजूला अर्धा चेहरा. पुढं यायचं नाही म्हणून आई मागे उभी राहिली होती आणि तिथून तिनं अक्षता टाकल्या होत्या, सगळ्यांच्या डोक्यावरून पोचतील अशा जोरात. पोत्यातली पहिली मूठ तिचीच होती. हे मनालीला पहिल्यांदा दिसलं ते त्या काचेपलीकडे, आणि त्या हाताकडे बघत तिला नाही म्हणता येईना. तिचं 'नाही' बाहेर पडलं तोवर साहेबानं लिहायला सुरुवात केली होती. फोटोनं घात केला नव्हता, मामानंही नाही. तिचं लग्न झालं होतं आणि ते तिला माहीत होतं, केसांतून मानेवर घरंगळलेल्या त्या दाण्यांपासून माहीत होतं, आणि त्या पोरसवदा साहेबानं ते तिच्या तोंडावर वाचलं होतं. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं.

"आई, थांब."

आईचा स पुरा झाला होता, र निम्म्यावर. मनालीनं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. शाईचा एक फराटा कागदभर गेला. सुशील अरे अरे करत उठला. मनालीनं कागदाची घडी केली आणि पिशवीत मामाच्या कागदाशेजारी कोंबली. "दुसऱ्या वाटेनं जाते," ती म्हणाली. तिचा आवाज चिडकाच होता, त्याचं तिला वाईट वाटलं, पण दुसरा आवाज मिळेना. "अलिबागला नोटीस देऊ. लावू देत फलकावर. कुणाला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी."

बाहेर रस्त्यावर आईचा तोल सुटला. इतक्या दिवसांचा गप्पपणा एकदम तोंडावाटे आला. "खुळी हायस काय गो तू? अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून आलेय मी. सही चालली व्हती माजी सरळ. आता वरीस, दीड वरीस? तवर तो तिकडं, तू हितं? नाथाला काय सांगशील?" नेथनला आई पहिल्या दिवसापासून नाथा म्हणते.

"तो म्हणेल, मला चालेल," मनाली म्हणाली, आणि तिथंच उभी राहून तिनं त्याला लिहिलं: हिवाळ्यात महिन्याची सुट्टी काढ, पुढे ढकलू नकोस, मी विचारत नाहीये, सांगतेय. मक्याच्या मुलखात तेव्हा रात्र होती. तो झोपलेला असणार, शांतपणे. उठला की कळेल. नोकरीवर उद्या काय सांगायचं, त्या नव्या पोरीचं काय करायचं, दीड वर्ष रोज संध्याकाळी फोनच्या चौकटीत त्याच्याकडे बघत कसं काढायचं, याचं काहीच तिला सुचत नव्हतं, आणि याचा राग काढायला तर आता कुणी उरलंही नव्हतं. घाम मानेवरून खाली उतरत होता. तिनं द्रोण आईपुढे केला.

आईनं एक करवंद उचललं, दाबून बघितलं, टाकलं, दुसरं घेतलं. दोघी झाडाच्या सावलीत उभ्या राहिल्या. आईनं बी थुंकून टाकली. जरा वेळानं मनालीला स्टँडवरची ती बाई आठवली, आणि ती म्हणाली, "आई, कुणी विचारलं ना तुला, मनालीचं लग्न झालं काय, तर आता सरळ सांगत जा. झालं म्हणून."

आईनं आणखी एक करवंद शोधून काढलं, पिकलेलं, काळं, आणि ते मनालीच्या हातावर ठेवलं.

"ते तर मी पयल्यापासनं सांगतेच हाय," ती म्हणाली.